माहेरी गेली की बरी

"ही पोरगी अंगात दुखणं घेऊनच या घरात आलीय, मी सांगते," वैरागच्या आत्या म्हणाल्या, आणि नेमकी तेव्हाच मला शिंक आली.

एक नाही. सात-आठ, एकापाठोपाठ एक. हातातली चहाची बशी डचमळली आणि अर्धा चहा आत्यांच्या पायाशी सांडला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पदर शोधायला हात मोकळा नाही. मी तशीच खांबाला टेकून उभी.

"बघा!" आत्यांनी मांडीवर थाप मारली. "मी बोलले आणि शिंकली. सत्य आहे ते! आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

आमच्या बार्शीकडे (आता 'आमच्या' म्हणते, तेव्हा ती त्यांची होती) कुणी काही बोलत असताना शिंक आली तर बोललेलं खरं मानतात. आणि कुणी घराबाहेर पाऊल टाकताना शिंक आली तर अपशकुन. ज्या बाईला उठल्यापासून झोपेपर्यंत शिंकाच येतात तिनं अशा घरात करायचं तरी काय, मला सांगा! कुणी कामाला निघालं की मी अपशकुन करणार, आणि कुणी माझ्यावर तोंड सोडलं की मीच त्याला साक्ष देणार. इतकी वर्षं झाली, आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

या आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. सासरे गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचा. राहायच्या वैरागला, पण सणावाराला आणि भांडणाला हजर. त्या श्रावणात आल्या आणि दोन दिवस माझ्या शिंका मोजून त्यांनी निकाल देऊन टाकला: हिला दमा आहे, लग्नाआधीपासून आहे, आणि कोकणातल्या लोकांनी तो लपवून आपल्याला फसवलं.

"आत्या," मी नाक पुसत म्हटलं, "लग्नाआधी मला साधं पडसंसुद्धा चार दिवसांच्या वर टिकलं नाही. इथलं पहिलं वर्ष तुमच्यासमोर काढलं की मी. शिंकले का कधी?"

"पहिलं वर्ष सगळ्याच सुना जपून राहतात," आत्या म्हणाल्या.

आता याच्यावर बोलायचं काय? कुणी शिंका जपून ठेवतं का, दागिन्यांसारख्या? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना मी आई म्हणायची. आई खाली मान घालून शेंगा फोडत होत्या. वाईट नव्हत्या त्या, पण नणंदेपुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. आणि माझा नवरा, श्रीरंग, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून खात होता. खातच राहिला.

आमचं दुकान बार्शीच्या स्टँडसमोर होतं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. बार्शीत रोज कुणाचा ना कुणाचा सत्कार असतोच. कुणी निवृत्त झालं, कुणी निवडून आलं, कुणाचा पोरगा पास झाला, की चालले गुच्छ घेऊन. गुच्छ घरी बांधले जायचे आणि ते काम माझं. श्रीरंग पहाटे गाडीवरून पोतं भरून पांढऱ्या बारीक फुलांच्या काड्या आणायचे. "जिप्सी आहे, पुण्याहून येते, स्टँडवरनं उचलून आणतो," असं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. चार गुलाब, दोन निशिगंधाच्या काड्या आणि मध्ये ही पांढरी फुलं भरली की गुच्छ कसा भरगच्च दिसायचा. फुलं गार राहावीत म्हणून त्यांच्या बादल्या आमच्या खोलीत, खाटेखाली. उत्तरेची खोली, उन्हाचं नाव नाही. मी कोकणातली, कुडाळची. बार्शीकडची झाडंझुडपं मला काय ठाऊक? जिप्सी म्हणाले, मी जिप्सी म्हटलं.

त्या दुसऱ्या पावसाळ्यात मात्र नाकी नऊ आले माझ्या. सकाळी डोळे उघडायचे नाहीत, सुजून गच्च. टाळूला आतून खाज सुटायची, जीभ लावून लावून टाळू दुखायची. बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ. आणि रात्री उताणं झोपलं की छातीत शिट्टी वाजायची.

घरातल्या औषधांना तर तोटा नव्हता. आई वेखंड उगाळून द्यायच्या. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून हुंगायची. निलगिरीच्या पाण्याची वाफ, आल्याचा रस मधातून, हळदीची धुरी. धुरीनं तर जीव जायची वेळ आली, तरी धुरी चालूच. शेजारच्या काकूंनी नजर काढली. आत्यांनी कुठला तरी अंगारा आणला, तो कपाळाला लावला तेवढंच बरं, नाकात घाला म्हणाल्या असत्या तर घातला असता मी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! एकानंही विचारलं नाही, की बाई गं, तुला हे होतं कुठं, कधी, काय करताना?

विचारलं ते फक्त डॉक्टर बोधनकरांनी. श्रावण सरता सरता माझी छाती एवढी भरली की श्रीरंग मला त्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. केस पांढरे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"घरात जास्त होतं का बाहेर?" त्यांनी विचारलं.

"घरात. झोपायच्या खोलीत जास्त. आणि दुपारी."

"दुपारी काय करता?"

"गुच्छ बांधते. दुकानाचे."

"कशाकशाचे?"

"गुलाब, निशिगंध, जिप्सी."

"हं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझा हात उलटासुलटा करून बोटांच्या बेचक्या पाहिल्या. मग चष्म्यावरून श्रीरंगकडे पाहिलं. "बाई, तुम्ही बाहेर कंपाउंडरकडून इंजेक्शन घ्या. तुम्ही थांबा हो जरा."

मी इंजेक्शन घेऊन बाकावर बसले. बऱ्याच वेळानं श्रीरंग बाहेर आले.

"काय म्हणाले?"

"काही नाही. हवा बदलली की होतं म्हणाले. दिवाळीनंतर आपोआप बरं वाटेल."

"मग एवढा वेळ?"

"अगं, त्यांच्या पोरीचं लग्न आहे. हारांचं विचारत होते."

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? नवऱ्यानं डॉक्टरांकडे नेलं, पदरचे पैसे घातले, गोळ्या घेऊन दिल्या. गोळ्यांनी झोप यायची आणि शिंका थोड्या थांबायच्या. झोप उतरली की पुन्हा तेच.

गणपतीला मी माहेरी गेले. कुडाळच्या स्टँडवर उतरले तेव्हा बाबा समोर उभे. बाबा एसटीत कंट्रोलर. स्टँड म्हणजे त्यांचं दुसरं घर. माझा चेहरा बघून त्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"काय गो बाय, ह्यां काय झाला तुका?"

मी रडायला लागले. सगळ्या गाड्यांची माणसं बघत होती, बघू देत. घरी जाता जाता बाबांना सगळं सांगितलं. आत्या, दमा, डॉक्टर बोधनकर काय म्हणाले, तेही.

आणि गंमत बघा. घरी पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझं नाक मोकळं झालं. विसर्जनापर्यंत तर मी दुखण्यातनं उठलेय हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. पाऊस धो धो पडत होता, भिंतींना ओल, अंगणात शेवाळ, घरात पाच माणसांना सर्दी. मी ठणठणीत! आरत्यांना सगळ्यांत मोठा आवाज माझा. माझी आई म्हणाली, "बघ, माहेरच्या वाऱ्यानंच बरी झालीस." मलाही तसंच वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

बार्शीला परतले त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू.

बस्स. आत्यांना आणखी काय हवं होतं? "बघितलंस ना वहिनी," त्या आईंना म्हणाल्या, माझ्यादेखत, "माहेरी गेली की बरी, सासरी आली की मरायला टेकते. एक तर दमा आहे, नाहीतर नाटकं आहेत. दोन्हीतलं काही असलं तरी ही सून आपल्या कामाची नाही."

पुढच्या दिवसांत ते वाक्य सगळ्या गल्लीत फिरलं. नळावर गेले की बायका गप्प व्हायच्या. 'माहेरी गेली की बरी.' अरे, माणूस एका जागी बरं आणि दुसऱ्या जागी आजारी होत असेल तर त्या दुसऱ्या जागेत काय आहे ते शोधाल, का माणसालाच खोटं पाडाल? पण नाही. सुनेच्या बाबतीत हिशेबच उलटा.

दसरा झाल्यावर आत्यांनी ठरवलं, की मुलीच्या बापाला बोलावून घ्यायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा. सोक्षमोक्ष म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. 'मुलगी घेऊन जा, बरी झाली की पाठवा' असं सांगून पाठवलेल्या दोन मुली मी कुडाळला माझ्या गल्लीत पाहिल्या होत्या. दोघींची ट्रंक आजतागायत माहेरीच आहे. घरी पाठची बहीण लग्नाची. थोरली परत आली तर धाकटीला कोण विचारणार? मी रोज रात्री हेच घोकत पडायची, आणि छातीत शिट्टी वाजत राहायची.

बाबांची गाडी सकाळी पोचायची होती. दुपार झाली तरी त्यांचा पत्ता नाही. आत्या ओसरीवर बसून म्हणाल्या, "तोंड दाखवायला जागा असेल तर येईल ना."

बाबा आले तेव्हा जेवणं उरकली होती. खांद्यावर पिशवी, त्यात आंबोळ्या, सोलं आणि माझ्यासाठी कुळीथपीठ. आईंनी पाणी दिलं. आत्यांनी गुळाचा खडासुद्धा पुढे करू दिला नाही.

"उशीर केलात व्याही," आत्या म्हणाल्या.

"गाडी वेळेवर होती," बाबा शांतपणे म्हणाले. "मला एक काम होतं."

"मग आता मुद्द्याचंच बोलते. तुमच्या मुलीला दमा आहे. तो तुम्ही लपवलात. आमचा पोरगा भोळा, आमची वहिनी भोळी. आम्ही पोलिसात जाणारे लोक नाही. मुलगी घेऊन जा, औषधपाणी करा, बरी झाली की बघू."

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. नाकात हुळहुळायला लागलं. मी पदराचा बोळा करून नाकावर गच्च दाबला.

"तिला दमा नव्हता," बाबा म्हणाले.

"मग नाटक करते?"

"नाटकही नाही. आत्याबाई, एक सांगतो. मी कंट्रोलर आहे. गाडी बंद पडली तर मी प्रवाशांना विचारत नाही काय झालं म्हणून. मी मेकॅनिकला विचारतो. म्हणून स्टँडवरनं उतरलो तो आधी डॉक्टर बोधनकरांकडे गेलो. दवाखान्यात गर्दी होती, नंबर लावून बसलो. त्यामुळे उशीर झाला."

श्रीरंग कोपऱ्यात तक्क्याला टेकून बसले होते. ते ताठ झाले. मला वाटलं, डॉक्टरांचं नाव निघालं म्हणून सावरून बसले असतील.

"काय म्हणाले डॉक्टर?" आईंनी विचारलं. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

"म्हणाले, तिला गाजर गवत बाधतं. त्याच्या फुलांचा पराग नाकात गेला की शिंका आणि छाती, हाताला लागला की पुरळ. आमच्याकडे हे गवत जवळपास नाहीच, म्हणून तिथं बरी असते. पहिल्या वर्षी शरीराची नुसती ओळख झाली, दुसऱ्या वर्षी भांडण सुरू झालं, असं समजावून सांगितलं त्यांनी मला."

"गाजर गवत तर सगळ्या गावात आहे," आत्या उसळल्या. "मग काय गाव सोडायचं आम्ही?"

"गावातलं नाही बाधत एवढं. तिच्या खाटेखाली आहे ते बाधतं."

मला काही कळलंच नाही. माझ्या खाटेखाली तर जिप्सी होती. पुण्याची.

बाबा श्रीरंगकडे वळले. आवाज चढवला नाही त्यांनी. तीस वर्षं स्टँडवर ओरडून गाड्या सांगणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज खालीच. "जावईबापू, डॉक्टरांचा मागे सत्कार झाला होता म्हणे. तुमच्याच दुकानातला गुच्छ त्यांना मिळाला. घरी नेऊन सोडला तर आत गाजर गवत. म्हणून त्यांनी लगेच ओळखलं. ते म्हणाले, मी मुलीच्या नवऱ्याला श्रावणातच सांगितलं होतं. गवत घरातनं काढा, तिला हात लावू देऊ नका, खोली ओल्या फडक्यानं पुसा, आठ दिवसांत ती बरी होईल. मला विचारलं त्यांनी, की अजून काढलं नाही का?"

माझी शिंक नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबली होती. मी दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं, डोळ्यांतून पाणी आलं तरी सोडलं नाही. माझ्या बापाच्या शब्दाला शिंकेची साक्ष नको होती मला.

"श्रीरंग," आई म्हणाल्या. "हे खरं आहे?"

"मी काढणारच होतो," श्रीरंग म्हणाले. बघत होते सतरंजीकडे. "दसरा-दिवाळीचा सीझन. खरी जिप्सी आणायची म्हटलं तर परवडत नाही. मला वाटलं, एवढा सीझन निघून जाईल. गोळ्या तर देतच होतो मी."

"गवत आहे हे मला ठाऊक होतं रे," आई उठून उभ्या राहिल्या. "तू कुर्डुवाडी रोडवरनं कापून आणतोस, मला दिसत नव्हतं का? म्हटलं, पोरगा हुशार आहे, रानातल्या गवताचे गुच्छ करतो. हाताला खाज येते एवढंच ठाऊक मला. पण डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं! मी या पोरीला वेखंड पाजत होते, धुरी देत होते, ती गुदमरत होती, आणि तू समोर बसून जेवत होतास?"

आता मला सगळं कळलं. डॉक्टरला ठाऊक, नवऱ्याला ठाऊक, आणि आज बापाला ठाऊक झालं. माझा आजार तीन पुरुषांना ठाऊक होता, आणि ज्या बाईचं नाक होतं तिलाच नव्हता! त्या डॉक्टरचाही मला एवढा संताप आला. भला माणूस, पण बाईचं दुखणं बाईला सांगायचं नाही, तिच्या नवऱ्याच्या कानात सांगायचं, ही कुठली रीत?

आत्या मात्र आत्याच. घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "चला, कळलं ना आता. पुरुषमाणसाला धंदा बघावा लागतो. मग असं करा व्याही, घेऊनच जा तिला. दरवर्षी पावसाळा लागला की माहेरी, दिवाळी झाली की सासरी. गवतही राहील, पोरगीही बरी राहील."

आणि बाबा, माझे बाबा, दोन पावलं माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "चल बाय. दिवाळीपर्यंत तरी चल माझ्यावांगडा. तुका हंय ठेवन मी कसो जाव?"

मी पदर नाकावरून काढला. जी शिंक इतका वेळ अडवली होती ती आली, तिच्यामागनं आणखी चार आल्या. कुणी 'सत्य आहे' म्हणालं नाही. मी नाक पुसलं.

"मी नाही जायची," मी म्हटलं.

"बाय..."

"नाही बाबा. आज मी ट्रंक उचलली की उद्या गल्ली म्हणणार, दमेकरी सून परत पाठवली. धाकटीच्या लग्नातही तेच निघणार. मी काय केलंय? गवत मी आणलं? खाटेखाली मी ठेवलं? आजार माझ्या अंगात नव्हता, यांच्या घरात होता. मग मी कशाला जाऊ? जायचं तर गवतानं जायचं!"

"सुनेनं आवाज चढवायचा नाही या घरात," आत्या म्हणाल्या.

"आत्या, दोन वर्षं माझा आवाज बसलेला होता. आता सवय करा."

मी पदराचा बोळा नाकातोंडाला बांधला आणि खोलीत गेले. खाटेखालची पहिली बादली ओढली. जड होती, पाण्यानं काठोकाठ. ती फरशीवरून खरडत, पाणी सांडत, सगळ्यांच्या मधून मी बैठकीतनं बाहेर आणली. सतरंजी भिजली, आत्यांच्या लुगड्याचा काठ भिजला. त्यांनी पाय वर घेतले. दुसऱ्या बादलीला मी परत आले तर ती आईंच्या हातात होती. तिसरी बाबांनी घेतली. श्रीरंग तसेच बसून होते.

"उद्या नगरपालिकेच्या कार्यक्रमाचे गुच्छ द्यायचेत," ते म्हणाले.

"द्या की," आई बादली घेऊन जाता जाता म्हणाल्या. "चार गुलाब द्या. जेवढं असेल तेवढंच द्यायचं माणसानं."

मग आईंनी आणि मी मिळून खोली ओल्या फडक्यानं पुसली. खाट, खिडकीच्या काचा, कोनाडे, सगळं. उशांचे अभ्रे, चादरी, माझ्या साड्या गरम पाण्यात टाकल्या. पुसता पुसता आई एकदा म्हणाल्या, "मी विचारायला पाहिजे होतं गं." मी फडकं पिळलं. बरं वाटत होतं असं नाही, पण त्यांनी म्हटलं ते ऐकलं मी. आत्या संध्याकाळच्या गाडीनं वैरागला गेल्या. बाबांचीही गाडी होती. निघताना त्यांनी श्रीरंगला नमस्कार केला, हात जोडून, एखाद्या अनोळखी माणसाला करावा तसा. बाबांना अपमान करायची दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

उन्हं कलली होती. घरामागच्या मोकळ्या जागेत श्रीरंग खड्डा खणत होते. आईंनीच सांगितलं होतं, की जाळू नको, धुरानं आणखी होईल, पुरून टाक. गवताचा ढीग बाजूला पडला होता. मी लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला उभी राहिले.

"अहो, एक विचारू?"

"विचार."

"रात्री माझा श्वास वाजायचा. तुम्हाला ऐकू यायचा?"

ते खणत राहिले.

"झोप लागायची म्हणा," मी म्हटलं. "खोटं बोललात तरी चालेल मला."

देवाशपथ सांगते, मी त्यांना वाट काढून देत होते. 'हो गं, दिवसभर दमतो, पडल्या पडल्या झोप लागते' एवढं म्हणाले असते तर मी मानलं असतं. धंदा, सीझन, भीती, सगळं मी गिळलं असतं. आपल्या बायका काय काय गिळत नाहीत?

त्यांनी कुदळ खाली ठेवली. घाम पुसला.

"यायचा," ते म्हणाले.

"रोज?"

"रोज. जीव कासावीस व्हायचा माझा. कूस बदलून पडायचो."

आणि हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते! म्हणजे मी त्यांची कीव करायची होती. शेजारी बायकोला श्वास मिळत नाही, का मिळत नाही ते ठाऊक आहे, दोन हातांवर खाली बादल्या आहेत, आणि हा माणूस कूस बदलतो. मी वळले आणि घरात आले.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. शिंका कमी झाल्या, बोटांची कातडी सुकून निघाली, टाळूची खाज गेली. मिठाच्या कोमट पाण्यानं सकाळ-संध्याकाळ नाक धुवायला डॉक्टरांनीच सांगितलं, या वेळी मला, माझ्या तोंडावर, कारण मी एकटी गेले होते. गल्लीतल्या रिकाम्या जागांतलं गवत पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही बायकांनी हातांना पिशव्या बांधून उपटलं. दुकान काही बुडालं नाही. चार गुलाबांचा गुच्छही लोक घेतात, सत्कार करून घेणाऱ्याला फक्त फोटोपुरता हवा असतो.

एका पहाटे मला जाग आली. शिंकेनं नाही, आपोआप. नाक मोकळं, छाती मोकळी, कुठं शिट्टी नाही, घरघर नाही. मी किती तरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. श्रीरंगना आता गवताला जायचं नव्हतं, ते शेजारी गाढ झोपले होते. त्या शांततेत मला त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. एकसारखा, सुखाचा. मी बराच वेळ ऐकत पडले. कूस बदलून पाहिली. तरी ऐकू येतच होता.

मी उठले, उशी उचलली आणि आईंच्या खोलीत गेले. आई जाग्याच होत्या. काही न विचारता भिंतीकडे सरकल्या आणि मला जागा करून दिली. त्यानंतर दुसरी दिवाळी उलटली तरी मी ती जागा सोडली नव्हती.